भिलाईच्या वयाची फटफटी

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघाने भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या करारावर सह्या केल्या, तेव्हा भिलाई ज्या दुर्ग जिल्ह्यात येते, त्या जिल्ह्याच्या राज्याची राजधानी नागपूर होती. पुढच्याच वर्षी राज्यांची पुनर्रचना झाली आणि राजधानी भोपाळला गेली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं.

भारतीय मोटरसायकलही नेमक्या याच काळात घडली. तयार गाड्या बाहेरून आणायची वाट सरकारने बंद केली होती. विकायच्या असतील तर इथे बनवा, तेही परवाना घेऊन. मद्रासमध्ये १९५५ साली एन्फील्ड इंडिया उभी राहिली आणि बुलेट भारतीय झाली. फारूख आणि रुस्तम इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून म्हैसूरमध्ये चेकोस्लोव्हाकियाची जावा बनवायला घेतली. एस्कॉर्ट्सची राजदूत आली ती पोलंडच्या एसएचएल एम-११ वरून.

भट्टी रशियाची, जावा चेक, राजदूत पोलिश. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशाला पूर्व युरोपशी रुपयांत व्यवहार करता येत होता. म्हणूनच भिलाईत जुनी जावा किंवा राजदूत पाहताना या शहराचाच इतिहास समोर उभा राहतो. कारखाना आणि फटफटी, दोन्ही एकाच धोरणाची लेकरं.

जावाची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. इंजिन अडीचशे सीसीचं, टू-स्ट्रोक, सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. किकसाठी वेगळा दांडा नाही. डावीकडचा गिअरचा दांडाच आत दाबून वर फिरवायचा, त्यावरच किक मारायची आणि गाडी सुरू झाली की तो पुन्हा पुढे आणून गिअर टाकायचे. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. प्रमाण चुकलं तर कमी ऑइलने पिस्टन जाम होतो, जास्त झालं तर सायलेन्सर काजळीने भरतो.

१९७३ मध्ये जावाचं नाव बदलून येझ्दी झालं. पण दशकभरानंतर जपानी तंत्राच्या गाड्या आल्या: १९८४ मध्ये इंड-सुझुकी, १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी-१०० आणि यामाहाची आरएक्स-१००. हीरो होंडाच्या फोर-स्ट्रोक इंजिनाने ॲव्हरेजचा हिशेबच बदलून टाकला. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला.

आज भिलाईत अशी जुनी गाडी घेणाऱ्याने रंग आणि क्रोमच्या आधी आरसी बुक मागावं. छत्तीसगड १ नोव्हेंबर २००० ला झालं, त्यामुळे त्याआधीच्या कागदावर मध्य प्रदेशचंच नाव असणार. दुर्गचा सीजी-०७ हा क्रमांक त्यानंतरचा. चासी आणि इंजिनावर ठोकलेले नंबर कागदाशी अंकन्‌अंक जुळले पाहिजेत. भोवतीचा पत्रा घासलेला किंवा अंक वेडेवाकडे दिसले, तर सौदा तिथेच थांबवावा. गाडी नागपूरला न्यायची असेल तर दुर्गच्या आरटीओकडून फॉर्म २८ची एनओसी हवी, नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांच्या छंदाला कायद्यात जागा दिली. पहिल्या नोंदणीला पन्नासहून जास्त वर्षं झालेली आणि मूळ रूपात जपलेली दुचाकी ‘विंटेज’ ठरते. नोंद असेल तर जुना नंबर कायम राहतो. नव्या नोंदणीला ‘व्हीए’ अक्षरांची मालिका मिळते. तिचं शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षं. मात्र अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, अशा मोजक्या कामांसाठीच ती रस्त्यावर आणायची.

दरम्यान नोव्हेंबर २०१८ मध्ये क्लासिक लेजंड्स या कंपनीने जावा परत आणली, जानेवारी २०२२ मध्ये येझ्दी. नव्या जावाला सायलेन्सर दोनच ठेवले, पण इंजिन तेव्हा २९३ सीसीचं, फोर-स्ट्रोक, लिक्विड कूलिंगचं होतं. त्याचा एकही भाग म्हैसूरच्या इंजिनाला लागत नाही. जुन्या गाडीवाल्याला सुटे भाग शोधायला अजूनही बहुतेकदा जुने मेकॅनिक आणि भंगारवाले गाठावे लागतात. १९७३च्या येझ्दीने आता पन्नाशी ओलांडली आहे. आरएक्स-१००ची पहिली तुकडी २०३५ मध्ये तिथे पोहोचेल, आणि तिची आरसी बुकं आज कुणाच्या ना कुणाच्या कपाटात आहेत. ती आत्ताच शोधून नीट ठेवायला हवीत.