तेहतीस पूडल आणि एक सुलतान

१९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या ‘रॉयल गाइड डॉग्ज असोसिएशन’कडे हवाई बेटांवरून एक विनंती आली. एका दृष्टिहीन बाईंना वाटाड्या कुत्रा हवा होता. अडचण एवढीच, की त्यांच्या नवऱ्याला कुत्र्यांची ॲलर्जी होती. त्याला त्रास होणार नाही असा एखादा कुत्रा तुमच्याकडे आहे का, असा तो प्रश्न होता.

संस्थेत कुत्र्यांच्या पैदाशीचं काम वॉली कॉन्रन पाहत असत. त्यांना वाटलं, हे तर सोपं आहे. पूडलचे केस फारसे गळत नाहीत. चांगला मोठा पूडल निवडावा, शिकवावा आणि पाठवून द्यावा. प्रत्यक्षात दोन-तीन वर्षांत त्यांनी ३३ पूडल पारखले आणि त्यांतला एकही या कामाला उतरला नाही. वाटाड्या कुत्र्याला नुसती हुशारी पुरत नाही. रहदारीत शांत राहणं, गोंगाटाने न बिचकणं आणि माणसाचा हुकूम चुकीचा असेल तर तो न पाळणं, हे सगळं त्याच्या अंगी असावं लागतं. शेवटी कॉन्रननी संस्थेतली एक लॅब्राडॉर मादी आणि एक स्टँडर्ड पूडल नर यांचा संकर केला. तीन पिल्लं झाली: सुलतान, शेख आणि सायमन.

यानंतरची पायरी पुढे सगळे विसरले. पिल्लांचे केस आणि लाळ यांचे नमुने हवाईला पाठवण्यात आले, आणि त्या नवऱ्याला नेमका कशाचा त्रास होतो हे पाहिलं गेलं. एका आईबापांची, एका वेताची तीन पिल्लं. त्यांतल्या फक्त सुलतानच्या नमुन्याने त्याला काही झालं नाही. सुलतान शिकून तयार झाला, हवाईला गेला आणि त्याने त्या बाईंना दहा वर्षं साथ दिली.

नावाचा जन्म

उरलेल्या दोघांचं काय करायचं, हा प्रश्न होता. वाटाड्या होणारी पिल्लं पहिलं वर्ष एखाद्या कुटुंबात वाढतात. बाजार, बस, जिने, लहान मुलं या सगळ्यांची सवय तिथेच होते. अशी पिल्लं सांभाळायला एरवी संस्थेकडे लोकांची रांग असे. पण ‘संकरित’ हा शब्द ऐकला की लोक नको म्हणत. त्यांना शुद्ध जातीचंच पिल्लू हवं असे.

कॉन्रननी मग संस्थेच्या प्रसिद्धी विभागाला गाठलं. आम्ही एक खास कुत्रा तयार केलाय, त्याचं नाव ‘लॅब्राडूडल’, असं वर्तमानपत्रांना सांगा, अशी त्यांची कल्पना होती. बातमी आली आणि फोन थांबेनात. पिल्लं तीच होती, आईबाप तेच होते. बदललं होतं ते फक्त नाव.

नावही तसं नवं नव्हतं. पाण्यावरच्या वेगाचे विक्रम करणारे ब्रिटिश डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९५५ सालच्या आपल्या पुस्तकात स्वतःच्या कुत्र्याला लॅब्राडूडल म्हटलं होतं. कॉकर स्पॅनियल आणि पूडलचा ‘कॉकापू’ही अमेरिकेत अनेक वर्षं घरोघरी होता. पण वाटाड्या कुत्र्यांच्या संस्थेचा मान आणि ‘ॲलर्जी होत नाही’ हे वचन या नावाला प्रथमच चिकटलं. पाठोपाठ गोल्डनडूडल, कॅव्हापू, बर्नडूडल अशी रांग लागली. कॉन्रननी स्वतः जपून अवघे ३१ लॅब्राडूडल पैदा केले; त्यांतले २९ वाटाडे झाले. आणि त्यांच्याच सांगण्यानुसार एका वेतातल्या दहा पिल्लांपैकी केवळ तीनच ॲलर्जीच्या कसोटीला उतरली होती. बाजाराने नाव घेतलं, कसोटी मात्र घेतली नाही.

पूडलच्या केसांचा धंदा

पूडल म्हटलं की आपल्यापुढे फ्रेंच बाईच्या हातातली, गोंडे राखलेली शोभेची वस्तू उभी राहते. पण हा मुळात चिखलपाण्यातला कामकरी कुत्रा. जर्मन ‘पूडेल’ हा शब्द पाण्यात डुबक्या मारण्याशी जोडलेला आहे. फ्रेंच ‘कानिश’ या नावात बदक आहे. शिकाऱ्याने पाडलेलं बदक थंड पाण्यातून काढून आणणं हा त्याचा धंदा. दाट कुरळे केस त्याला ऊब देत. पण भिजून जड झालेले केस पोहताना ओढही घेत. म्हणून अंगावरचे केस कापायचे आणि छाती व सांधे यांवर तेवढे राखायचे, अशी पद्धत पडली असं सांगितलं जातं. पुढे या कापणीतलं काम गेलं आणि शोभा राहिली.

इंग्लंडच्या यादवी युद्धात राजाच्या बाजूने लढणाऱ्या प्रिन्स रूपर्टचा ‘बॉय’ नावाचा पांढरा कुत्रा प्रसिद्ध होता; तो पूडलच असल्याचं मानलं जातं. शत्रुपक्षाने त्याला चेटक्या ठरवून पत्रकं छापली. १६४४ साली मार्स्टन मूरच्या लढाईत तो मारला गेला. थोडक्यात, पूडल हा सोफ्यावर बसण्यासाठी घडलेला प्राणी नाही, आणि लॅब्राडॉरही नाही. तोसुद्धा पाण्यातून शिकार आणणारा. दोन कष्टकरी घराण्यांचं हे लेकरू. दिवसभर बंद फ्लॅटमध्ये एकटं ठेवलं तर ते सोफा फाडतं, भुंकून शेजाऱ्यांना हैराण करतं आणि घरचे म्हणतात, कुत्रा वेडा निघाला. त्याला रोज दोन वेळा चांगलं चालणं-धावणं लागतं आणि डोक्यालाही काम लागतं: वस्तू लपवून शोधायला लावणं, नवा हुकूम शिकवणं, चेंडू आणायला लावणं.

न गळणारे केस जातात कुठे?

जाहिरातीत सांगतात, केस गळत नाहीत. हे निम्मं खरं आहे. केस सुटतात, पण आजूबाजूच्या कुरळ्या केसांत अडकून बसतात. लॅब्राडॉरचा केस जमिनीवर पडतो आणि झाडूने निघतो. डूडलचा केस अंगावरच राहतो आणि त्याची जट होते. म्हणजे घर झाडायचे कष्ट वाचतात आणि कुत्रा विंचरायचे कष्ट वाढतात. कष्ट टळत नाहीत, त्यांची फक्त जागा बदलते.

खरी परीक्षा पिल्लू सहा महिन्यांचं ते वर्षाचं होईपर्यंत येते. तेव्हा पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठेपणीचे केस येतात आणि दोन्ही एकमेकांत गुंततात. वरून ब्रश फिरवला तर कुत्रा छान फुललेला दिसतो, आत मात्र कातडीलगत नमद्यासारखा थर बसतो. म्हणून केस थराथराने उचलून मुळापासून विंचरावे लागतात: आधी स्लिकर ब्रश, मग धातूचा कंगवा. कंगवा कातडीपासून टोकापर्यंत अडखळल्याविना गेला तरच विंचरणं झालं. कानांमागे, काखेत, जांघेत, शेपटीच्या बुडाशी आणि पट्ट्याखाली गुंता आधी होतो. गुंता न सोडवता आंघोळ घातली तर तो आणखी आवळतो. जट कातडी ओढते, आत ओल धरते, खाली जखमा होतात आणि कुणाला दिसत नाहीत. मग ग्रूमरकडे नेलं की तो सगळे केस उतरवतो आणि घरचे त्याच्यावर चिडतात. त्या अवस्थेत केस उतरवणं हाच कुत्र्याला कमी दुखणारा मार्ग असतो.

अलीकडे पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांतही हे कुत्रे दिसतात. आपल्या हवेत केस आखूड ठेवलेले बरे. साधारण सहा-आठ आठवड्यांनी कापावेत. पावसाळ्यात फिरून आल्यावर पंजे आणि पोट कोरडं करावं. गोचीड दाट कुरळ्या केसांत लपते, ती बोटांनी चाचपून शोधावी लागते. लोंबत्या, केसाळ कानांत ओल राहते. कानाला वास आला किंवा कुत्रा सारखं डोकं झटकू लागला तर घरचे उपाय न करता डॉक्टरकडे न्यावं.

वचनाची तपासणी

ॲलर्जीचं मूळ केसात नसतं. ते कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांत असतं. कुत्रा अंग चाटतो, लाळ वाळते, कण हवेत जातात. हवाईला केसांबरोबर लाळही पाठवली होती, ती म्हणूनच.

या वचनाची शास्त्रीय तपासणी पुढे झाली. २०११ साली डेट्रॉइटमधल्या संशोधकांनी कुत्रा असलेल्या १७३ घरांतली धूळ तपासली. ‘ॲलर्जी न करणाऱ्या’ मानलेल्या जाती आणि इतर जाती यांच्या घरांत ॲलर्जीकारक प्रथिनाच्या प्रमाणात फरक आढळला नाही. २०१२ साली नेदरलँड्समधल्या अभ्यासात तर पूडल, लॅब्राडूडल वगैरे कुत्र्यांच्या केसांत हे प्रथिन इतरांपेक्षा जास्तच सापडलं. लॅब्राडूडलच्या घरच्या जमिनीवरच्या धुळीत ते काहीसं कमी होतं, पण हवेतल्या धुळीत फरक नव्हता. एका जातीतल्या दोन कुत्र्यांमधलं अंतर हे दोन जातींमधल्या अंतरापेक्षा मोठं होतं. सुलतान, शेख आणि सायमन यांनी हेच आधी दाखवलं होतं.

पण तोवर गाडी फार पुढे गेली होती. जानेवारी २००९मध्ये बराक ओबामांनी सांगितलं, की मुलीच्या ॲलर्जीमुळे आपलं कुटुंब लॅब्राडूडल आणि पोर्तुगीज वॉटर डॉग यांतून निवड करतंय. एप्रिलमध्ये व्हाइट हाउसमध्ये आला तो पोर्तुगीज वॉटर डॉग ‘बो’. तरी लॅब्राडूडलचं नाव जगभर झालंच.

वृद्धपणी कॉन्रन म्हणू लागले, की हे आपल्या आयुष्यातलं सर्वांत मोठं शल्य आहे. आपण फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस मोकळा सोडला असं त्यांना वाटे. पैशासाठी कुणीही, कशाचाही, कशाशीही संकर करतंय आणि आईबापांची तपासणी करत नाही, ही त्यांची तक्रार होती. ती तक्रार खरी असली तरी कुत्र्यांवर राक्षसपणाचा ठपका ठेवायचं कारण नाही. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०२४मध्ये ९,४०२ कुत्र्यांची माहिती घेऊन कॉकापू, लॅब्राडूडल आणि कॅव्हापू यांची त्यांच्या मूळ जातींशी ५७ आजारांबाबत तुलना केली. सुमारे ८७ टक्के तुलनांत काहीच फरक नव्हता. म्हणजे संकर म्हणून ते जास्त आजारी नाहीत आणि जास्त निरोगीही नाहीत. खुब्याच्या सांध्याचा दोष किंवा दृष्टिपटल झिजण्याचा एक आनुवंशिक आजार लॅब्राडॉर आणि पूडल या दोघांतही आढळतो. असा दोष दोन्हीकडून आला तर संकर पिल्लाला वाचवत नाही. म्हणून पिल्लाची आई पाहावी आणि आईबापांच्या सांध्यांचे व डोळ्यांचे तपासणी अहवाल मागावेत. विकणारा टाळाटाळ करत असेल तर तिथून परत फिरावं.

गंमत अशी, की २०२०मध्ये ‘ऑस्ट्रेलियन लॅब्राडूडल’ म्हणून पिढ्यान् पिढ्या जोपासलेल्या कुत्र्यांची जनुकं तपासली तेव्हा त्यांच्यात पूडलचाच वाटा फार मोठा निघाला. कुरळ्या केसांची पिल्लं निवडत निवडत लोक पूडलपाशीच परत आले. ज्या पूडलांना कॉन्रननी ३३ वेळा नाकारलं, तेच आता लॅब्राडॉरचं नाव लावून घरात येत होते.

याचा अर्थ हा कुत्रा पाळू नये असा नाही. माणसांवर जीव लावणारा, पटकन शिकणारा, मुलांत रमणारा असा हा प्राणी आहे. मात्र घरात ॲलर्जी असेल तर जातीच्या नावावर विसंबू नये. ज्या कुत्र्याला घरी आणायचं, त्याच्याच सहवासात त्या माणसाने काही दिवस, काही तास घालवावेत. आणि पिल्लाच्या किमतीची घासाघीस करण्याआधी घरात बसून एक गोष्ट ठरवावी: पुढची बारा-तेरा वर्षं, रोज संध्याकाळी कंगवा कोण हातात घेणार?