देऊळ बाहेरचे आणि आतले

ठाणे, कल्याण व डोंबिवली या परिसरास देवळांचा वारसा फार जुना आहे. शिलाहार राजांच्या काळी ठाणे हे 'श्रीस्थानक' या नावाने राजधानीचे शहर होते. राजांनी, सरसुभेदारांनी व पुढे सामान्य रयतेने येथे देवळे बांधली, ती जीर्ण झाली तेव्हा पुन्हा उभी केली. या देवळांकडे लक्षपूर्वक पाहिले असता एक गोष्ट दिसून येते. पूर्वजांनी देवळाचे बाहेरील अंग शोभिवंत केले, परंतु देवाची जागा मात्र साधीच ठेवली.

कल्याणच्या पुढे काही मैलांवर वालधुनी नदीच्या काठी अंबरनाथचे पुरातन शिवालय आहे. तेथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हे वर्ष असून तो काळ शिलाहार राजा मुम्मुणी याच्या कारकीर्दीचा आहे. काळ्या दगडाच्या बाहेरील भिंतींवर देवदेवता व नर्तकी इतक्या दाटीने कोरल्या आहेत की, पाहणाऱ्याची दृष्टी ठरत नाही. मंडपातील खांबही तसेच कोरीव आहेत. परंतु गाभारा मंडपापेक्षा खोल आहे. पायऱ्या उतरून खाली गेले की सारे कोरीवकाम मागे राहते. तेथे असते साधी पिंड आणि माथ्यावर उघडे आकाश. राजा असो वा रयत, खाली उतरल्यावाचून दर्शन नाही.

ठाण्याच्या मासुंदा तलावाकाठचे श्री कौपिनेश्वराचे मंदिर तर नावातच बोध सांगते. कौपीन म्हणजे लंगोटी. पेशवाईत इ. स. १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी हे मंदिर नव्याने बांधविले. पुढे १८७९ साली लोकवर्गणीतून त्याची दुरुस्ती झाली. सरसुभेदाराच्या अंगावर सरकारी मानाची वस्त्रे असतील, वर्गणीदारांत कोणी श्रीमंत, कोणी गरीब असेल. पण ज्याच्यापुढे सर्वांनी मस्तक नमविले, त्या देवाच्या नावात केवळ लंगोटी आहे.

देवळाने दिलेला हा बोध माणसांनी मात्र नेहमीच पाळला, असे इतिहास सांगत नाही. संत चोखोबांची भक्ती थोर होती, पण लोकांनी त्यांची जात पाहिली आणि त्यांना पंढरीच्या देवळाबाहेर ठेवले. इ. स. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळून त्यांचा अंत झाला. त्यांची समाधी विठ्ठलमंदिराच्या महाद्वारासमोर आहे. आज वारकरी तिला वंदन करूनच पुढे जातात. परंतु त्यांच्या जातिबांधवांस आत प्रवेश मिळण्यास सहाशेहून अधिक वर्षे लागली. त्यासाठी साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरास दहा दिवस उपोषण केले. त्याच वर्षी मुंबई सरकारने मंदिरप्रवेशाचा कायदा केला व पुढे राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. म्हणजे देवाने जे केव्हाच पाहिले होते, ते समाजास दिसावयास कायदा व्हावा लागला!

वरवर पाहणाऱ्यांची कसोटी घेणारा आणखी एक महापुरुष अलीकडच्या काळात होऊन गेला. अंगावर ठिगळे लावलेल्या चिंध्या, हाती गाडगे व खराटा, अशा वेशातल्या माणसाला कोणीही भिकारी समजावे. तो दिवसा गाव झाडी आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडी. हेच संत गाडगेबाबा. लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी नाशिक, आळंदी, पंढरपूर येथे धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतःसाठी मात्र झोपडीचाही मोह धरला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. २० डिसेंबर १९५६ रोजी बाबांनी देह ठेवला. २००० सालापासून त्यांच्याच नावाने राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. ज्याच्या वेशाकडे पाहून लोक नाक मुरडीत, त्याच्याच नावाने गावे स्वच्छ होऊ लागली.

आपल्या ग्रामदेवतेच्या देवळाचा जीर्णोद्धार आज पूर्ण होत आहे. नवा कळस झळकेल, नवी फरशी चमकेल. ते योग्यच आहे, कारण देवाचे घर नीटनेटके असावे. परंतु रंग काही पावसाळ्यांनी उडतो, फरशीलाही तडे जातात. कोणाची देणगी मोठी होती, कोणाची पाटी वर लागली, हेही पुढील पिढी विसरेल. मात्र मळक्या कपड्यांनी आलेल्या मजुरास पायरीवर कोणी अडविले की मानाने आत घेतले, गरीब म्हातारीचे अकरा रुपये कोणत्या हातांनी स्वीकारले, यावरूनच गावाची भक्ती ओळखली जाईल. तिला रंगरंगोटी करता येत नाही.

सर्व दानशूर देणगीदार, श्रमदान करणारे तरुण व ग्रामस्थ माताभगिनी यांच्या हातून देवळाबरोबर मनाचाही जीर्णोद्धार घडो, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.