अडथळ्यांची शर्यत : कष्ट आणि तप

(डोळखांब येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

तत्त्वज्ञानाच्या मास्तरचं शर्यतीशी काय नातं, असं विषय वाचून काहींना वाटलं असेल. नातं जुनं आहे. प्लेटोची अकादमी आणि अॅरिस्टॉटलचं लायसियम ही दोन्ही मुळात अथेन्समधली व्यायामाची ठिकाणं. विचार आणि घाम तिथे एकाच आवारात होते.

आजचा प्रश्न साधा आहे. अडथळ्यांची शर्यत जितकी अवघड करावी तितका माणूस काटक होतो का? दमसास वाढवायचा तर वाट कठीण करत नेली की झालं, असं सगळेच म्हणतात. समोर भरतीची तयारी करणारी मुलं-मुली बसली आहेत. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. अग्निवीरच्या मेळाव्यात १.६ किलोमीटर धावायचं, वर नऊ फुटांचा खड्डा उडी मारून ओलांडायचा आणि नागमोडी पट्टीवर तोल सांभाळायचा. म्हणजे हा प्रश्न तुमच्या पोटापाण्याचा आहे.

सुरुवात इतिहासापासून करू. इंग्रजीत या शर्यतीला 'स्टीपलचेस' म्हणतात. स्टीपल म्हणजे चर्चचा उंच मनोरा. १७५२ साली आयर्लंडमध्ये दोन घोडेस्वारांनी पैज लावली, की या गावच्या मनोऱ्यापासून त्या गावच्या मनोऱ्यापर्यंत सरळ जायचं. मध्ये कुंपण येवो, ओढा येवो, वळायचं नाही. परंपरा या खेळाचा उगम तिथे सांगते. पुढे एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डचे विद्यार्थी तसंच पायी धावू लागले. १९०० साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ही शर्यत आली आणि १९२० पासून तिचं अंतर ३००० मीटर ठरलं. अडथळे मोजून ३५. त्यातले २८ कोरडे आणि ७ पाण्याचे. पुरुषांसाठी उंची ९१.४ सेंटिमीटर. साध्या हर्डल्समध्ये पाय लागला तर अडथळा पडतो. इथला लाकडी ओंडका हलतसुद्धा नाही, पडतो तो धावणारा. स्त्रियांना मात्र ऑलिंपिकमध्ये ही शर्यत धावायला २००८ साल उजाडावं लागलं.

दुसरा धागा फ्रान्सचा. जॉर्ज एबेर नावाचा नौदलातला अधिकारी. १९०२ च्या मे महिन्यात कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर ज्वालामुखी फुटला आणि सेंट पिएर शहर काही मिनिटांत बेचिराख झालं. एबेर तिथल्या बचावकार्यात होता. त्यातून त्याच्या मनात ठसलं, की अंगात नुसती ताकद असून भागत नाही. अडचणीच्या जागी ती वापरता आली पाहिजे. चालणं, धावणं, रांगणं, चढणं, उड्या, तोल, फेकणं, उचलणं, स्वसंरक्षण, पोहणं असे दहा गट करून त्याने प्रशिक्षणाची पद्धत बांधली. बळकट व्हायचं ते उपयोगी पडण्यासाठी, हे तिचं सूत्र. सैन्यातल्या अडथळ्यांच्या मैदानांवर तिचा मोठा प्रभाव पडला. लष्करी पेंटॅथलॉनमध्ये आजही ५०० मीटरवर २० अडथळे असतात.

आपल्याकडे ही दृष्टी नव्हती असं नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला शिस्त दिली. अमरावतीला १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं राहिलं आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या पथकाने आपले खेळ जगाला दाखवले. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत आज छात्रांची शिबिरं पायरीपायरीने अवघड होतात. ग्रीनहॉर्न, रोव्हर्स, तोरणा अशी त्यांची नावं आहेत. नावातच पायरी दिसते: आधी नवखा, मग भटक्या, आणि मग गड.

आता आपल्या मातीत येऊ. डोळखांबच्या पाठीशी आजोबाचा डोंगर उभा आहे. शेजारच्या मुरबाडात नाणेघाट. सातवाहनांच्या काळापासून तिथून माल वर चढला. राघोजी भांगरे यांनी याच सह्याद्रीच्या आडोशाने इंग्रजांना झुंजवलं, आणि १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. २ जानेवारी १९४३ ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील सिद्धगडाच्या जंगलात धारातीर्थी पडले. इथल्या माणसाला चढण-उतरण शिकवावी लागत नाही.

पण थांबा. इथेच आपण एक मोठी चूक करतो. 'गरिबीने घडवलं, कष्टाने घडवलं' असं म्हणून टाळ्या वाजवतो. भातसा, तानसा, मोडकसागर ही धरणं शहापूर तालुक्यात. मुंबई त्यांचं पाणी पिते. आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवरच्या बाया डोक्यावर चुंबळ, त्यावर हंडा घेऊन चढ चढतात. ओझं आहे, चढ आहे, ऊन आहे. अडथळ्यांच्या शर्यतीत आणखी काय लागतं? मग त्यातून पदकं का येत नाहीत? गुडघेदुखी आणि रक्तक्षय का येतो?

अविनाश साबळे यांचं उदाहरण घ्या. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्यांचं गाव. लहानपणी शाळेसाठी सहा किलोमीटर चालत-पळत जायचे. बारावीनंतर सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये. सियाचिनची थंडी आणि राजस्थानचं ऊन दोन्ही पाहिलं. २०१५ मध्ये धावण्याच्या स्पर्धांकडे वळले, २०१७ मध्ये स्टीपलचेसकडे. २०१८ मध्ये गोपाल सैनी यांचा ३७ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य. सुवर्ण हुकलं ते ०.०५ सेकंदाने. १९९८ पासून तिथली तिन्ही पदकं केनिया नेत होता. पुढे २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. ललिता बाबर साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या, मोही गावच्या. २०१६ ला रिओमध्ये त्या अंतिम फेरीत पोहोचल्या. १९८४ च्या पी. टी. उषांनंतर ट्रॅकवरची ऑलिंपिक अंतिम फेरी गाठणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला.

दोघंही दुष्काळी तालुक्यांतली, हे खरं. पण आष्टीत आणि माणमध्ये शाळेला चालत जाणारी मुलं हजारो होती. त्यातून ही दोघं वर आली, कारण पुढे कोणीतरी त्यांना पोटभर अन्न दिलं, घड्याळ लावून शिकवलं, विश्रांती दिली. लादलेला कष्ट माणसाला झिजवतो. मापून घेतलेला कष्ट घडवतो. कष्ट तेवढाच असेल, माप वेगळं.

गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे तीन प्रकार आहेत. फळाची आस न धरता श्रद्धेने केलेलं ते सात्त्विक. मानासाठी, दाखवण्यासाठी केलेलं राजस. आणि हट्टाने स्वतःला छळून किंवा दुसऱ्याच्या नाशासाठी केलेलं तामस. आधुनिक अडथळा शर्यतींना ही फूटपट्टी लावून बघा. १९८७ मध्ये इंग्लंडमध्ये 'टफ गाय' सुरू झाली; तिथे मेलो तर जबाबदारी माझी, अशा अर्थाच्या कागदावर सही करून धावायचं. २०१० मध्ये अमेरिकेत 'टफ मडर' आणि 'स्पार्टन' आल्या. चिखल, बर्फाचं पाणी, विजेच्या तारा. पैसे मोजून कष्ट विकत घ्यायचे! त्यात मैत्री आहे, मजा आहे, ते मी नाकारत नाही. पण नुसत्या फोटोसाठी असेल तर ते राजस.

आणि तामस? २०२४ मध्ये झारखंडमध्ये उत्पादनशुल्क शिपाई भरतीत तरुणांना एका तासात १० किलोमीटर धावायचं होतं. ऑगस्ट-सप्टेंबरच्या त्या काही दिवसांत दहापेक्षा जास्त उमेदवारांचा जीव गेला. बहुतेकांच्या घरी नोकरीची वाट बघत होते. हा छळ त्यांनी निवडलेला नव्हता. कसोटी अवघड असायला हरकत नाही. पण तिच्यापर्यंत जायला पायऱ्या नसतील तर ती कसोटी राहत नाही, कडा होते.

मग अवघड करायचं तरी कसं? प्राचीन ग्रीसमधल्या मायलो नावाच्या मल्लाची गोष्ट सांगतात. त्याने वासरू रोज उचललं. वासरू वाढत गेलं, मायलोची ताकदही वाढत गेली, आणि एक दिवस तो बैल उचलू लागला. गोष्ट अतिशयोक्तीची असेल. तत्त्व पक्कं आहे.

मुलांनो, हे व्यवहारात असं उतरतं. आधी सपाटीवर, बोलता येईल इतक्या वेगाने धावण्याचा पाया घाला. अडथळा ताज्या अंगाने शिका. खड्ड्यावरची उडी दमलेल्या पायांनी शिकाल तर घोटा जाईल. उडी अंगवळणी पडली की मग ती धावण्याच्या शेवटी घ्या, कारण खरी परीक्षा दमल्यावरच असते. अंतर, उंची, ओझं, चढ, विश्रांतीतली कपात यांपैकी एका वेळी एकच गोष्ट बदला. सगळं एकदम बदललंत तर कशाने फायदा झाला आणि कशाने पाय दुखावला, ते कळणारच नाही. ऊन टाळा, पाणी प्या, आणि आठवड्यात एक दिवस काही करू नका. गीता सहाव्या अध्यायात आहार, विहार, झोप, जागरण यांत मापाची गोष्ट करते, ती याचसाठी. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबा. पुढची भरती येते.

आणि मोठ्यांना एक सांगतो. या तालुक्यातल्या मुलांना आणखी अडथळे नकोत, ते इथे मुबलक आहेत. त्यांना सपाट मैदान हवं, पोटभर भाकरी-डाळ हवी, आणि घड्याळ घेऊन उभा राहणारा एक माणूस हवा. घरचा हंडा नळाने भरला तर मुलगी सकाळी मैदानावर जाईल. तेवढं झालं, की शर्यत अवघड करायचं काम मुलं स्वतःच करतील.