केल (चारापीक)

केल हे मोहरी कुळातील पालेदार चारापीक आहे. त्याचे शास्त्रीय नाव ब्रॅसिका ओलेरॅसिया असून कोबी, फुलकोबी व नवलकोल ही याच जातीची अन्य रूपे होत. केलमध्ये कोबीसारखा गड्डा धरत नाही. जाड खोडावर मोठी पाने येतात. थंडी सहन करण्याची क्षमता असल्याने गवताची वाढ थांबते त्या हिवाळ्यात जनावरांना उभ्या पिकात चारण्यासाठी ब्रिटन, आयर्लंड आणि न्यूझीलंड येथे त्याची लागवड होते. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील साउथलँड, ओटॅगो व कँटरबरी भागांत आटवलेल्या गाभण गाईंचा हिवाळा अनेकदा केल आणि स्वीड यांसारख्या पिकांवर निघतो.

लागवड

दक्षिण गोलार्धात पेरणी साधारणतः ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात व चराई मे ते ऑगस्टमध्ये होते. हेक्टरी सुमारे ४ ते ५ किलो बी लागते. बी बारीक असल्याने जमीन भुसभुशीत करून ते एक-दोन सेंटिमीटर खोलीवर पेरतात. रेप हे पालेदार पीक सुमारे तीन महिन्यांत चराईस येते. केलला पाच ते सात महिने लागतात, मात्र उत्पादन अधिक मिळते.

कोबीवरील चौकोनी ठिपक्यांचा पतंग, पांढरे फुलपाखरू व मावा या प्रमुख किडी होत. मुळांवर गाठी आणणाऱ्या क्लबरूट रोगाचे बीजाणू जमिनीत अनेक वर्षे टिकतात. त्यामुळे एकाच शेतात मोहरी कुळातील पिके लागोपाठ घेत नाहीत. आम्लयुक्त जमिनीत चुना मिसळतात.

चराई

विजेच्या तात्पुरत्या कुंपणाने रोज पिकाचा एक अरुंद पट्टा खुला केला जातो. पट्टा रुंद ठेवण्यापेक्षा लांब ठेवल्यास सर्व जनावरांना एकाच वेळी खाता येते आणि तुडवणीने होणारी नासाडी घटते. केलमध्ये ऊर्जा भरपूर, परंतु पाणी अधिक व तंतू कमी असतात. म्हणून जनावरांना उपाशीपोटी पिकात सोडत नाहीत. आधी वाळलेले गवत, काड किंवा मुरघास देतात आणि केलचे प्रमाण आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवतात.

विषबाधा

केलमधील एस-मेथिल सिस्टीन सल्फॉक्साइड या घटकापासून जनावराच्या कोटीपोटात रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करणारे द्रव्य तयार होते. परिणामी रक्तक्षय होऊन लघवी लाल होते. पीक फुलोऱ्यावर आले की हा धोका वाढतो. ग्लुकोसिनोलेट या घटकांमुळे आयोडीनच्या वापरात अडथळा येतो व नवजात कोकरांना गलगंड होऊ शकतो. नायट्रेटची विषबाधा आणि पोटफुगीही आढळते. २०१४ मध्ये साउथलँडमध्ये स्वीड खाऊन अनेक दुभती जनावरे आजारी पडली व काही दगावली. त्यानंतर या पिकांच्या वाढीची अवस्था पाहून चराई थांबवण्यावर भर देण्यात आला.

पर्यावरण

हिवाळी पावसात तुडवलेल्या उघड्या जमिनीवरून गाळ व नत्र ओढ्यांत वाहून जाते, तसेच गाईंना चिखलात बसावे लागते. त्यामुळे न्यूझीलंडमध्ये ही पद्धत वादाचा विषय ठरली आणि २०२० मध्ये तिच्यासाठी राष्ट्रीय स्तरावर नियम जाहीर करण्यात आले. उताराच्या वरच्या बाजूने चराई सुरू करणे व ओढ्याकाठी गवताचा पट्टा राखणे हे त्यावरील उपाय होत.

भारतातील स्थिती

उत्तर भारतात बरसीमच्या पहिल्या कापणीत चारा वाढावा म्हणून त्यात सरसों मिसळून पेरतात. महाराष्ट्रात चाऱ्यासाठी केलची लागवड रूढ नाही. मात्र कोबी व फुलकोबीच्या काढणीनंतर उरलेला पाला जनावरांना घातला जातो. तोही बेताने आणि कोरड्या वैरणीसोबत देणे इष्ट ठरते.