रसांजन: भडोचहून रोमला गेलेलं औषध

रसांजन म्हणजे दारुहळदीच्या मुळांचा आणि खोडाचा काढा आटवून केलेला घट्ट अर्क. वाळला की तो काळपट तपकिरी खड्यासारखा होतो, पाण्यात टाकला की पिवळा रंग सोडतो आणि जिभेला कडू-तुरट लागतो. दारुहळदीचा स्वयंपाकघरातल्या हळदीशी काही संबंध नाही. हे हिमालयात साधारण दोन ते तीन हजार मीटर उंचीवर वाढणारं काटेरी झुडूप आहे आणि त्याचं लाकूड आतून पिवळंधमक असतं.

आयुर्वेदात रसांजन मुख्यतः डोळ्यांचं औषध आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सौवीरांजन नावाचं अंजन रोज घालावं आणि रसांजन पाच किंवा आठ रात्रींनी एकदा घालावं असं सांगितलं आहे. रसांजनाने डोळ्यांतून पाणी वाहतं आणि साचलेला कफ निघून जातो, हे त्यामागचं कारण. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात कृती दिली आहे: दारुहळदीच्या काढ्यात तेवढंच दूध घालायचं आणि चौथा हिस्सा उरून घट्ट होईपर्यंत आटवायचं. आता बहुधा दूध न घालता नुसता काढाच आटवतात.

भूमध्य समुद्राकाठच्या वैद्यांकडेही अशाच तऱ्हेने केलेलं एक औषध होतं. आशिया मायनरच्या नैर्ऋत्येला लिशिया नावाचा प्रदेश आहे. तिथल्या एका काटेरी झुडपापासून ते करत आणि प्रदेशावरूनच त्याला ‘लिकियन’ म्हणत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीसने कृती नोंदवली आहे: फांद्या आणि मुळं ठेचून बरेच दिवस पाण्यात भिजत ठेवायची, मग उकळायची, लाकूड काढून टाकायचं आणि उरलेलं पाणी मधासारखं दाट होईपर्यंत आटवायचं. झुडूप वेगळं, मुलूख वेगळा, पण पद्धत एकच. म्हणूनच भारतीय अर्क तिकडे पोहोचला तेव्हा तो कुणाला परका वाटला नाही. लिकियनचाच वरच्या दर्जाचा प्रकार म्हणून तो स्वीकारला गेला. भारतीय लिकियन सर्वांत प्रभावी, असं डायोस्कोरिडीस स्पष्टच म्हणतो.

हा माल कुठून निघत होता, ते ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकाच्या मध्याच्या ग्रीक नाविक-पुस्तिकेत आहे. सिंधूच्या मुखावरचं बार्बारिकोन आणि नर्मदेवरचं बारिगाझा म्हणजे भडोच, या दोन्ही बंदरांच्या निर्यातीत लिकियन आहे. भडोचच्या यादीत त्याच्या शेजारी जटामांसी, कोष्ठ, गुग्गुळ, हस्तिदंत, अकीक, सुती कापड आणि पिंपळी आहेत. आखाताचं तोंड धोक्याचं असल्यामुळे राजाच्या चाकरीतले कोळी मोठ्या होड्या घेऊन पुढे जात आणि परदेशी जहाजं ओढून धक्क्याला आणत, असं वर्णन त्यात आहे. कल्याणला चुकून आलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला पाठवलं जाई, हीही नोंद आहे. जटामांसी आणि कोष्ठ ही उत्तरेच्या डोंगराळ मुलखातली औषधं उज्जैनमार्गे भडोचला उतरत. दारुहळदही तशाच थंड डोंगरांतली आहे, त्यामुळे रसांजनही याच वाटेने आलं असावं, हा तर्क रास्त आहे.

या व्यापाराची खूण बडोद्यातही आहे. तिथे विश्वामित्री नदीच्या काठी अकोटा आहे. जुन्या ताम्रपटांतलं अंकोट्टक ते हेच, शहराची सर्वांत जुनी वस्ती. ग्रीक प्रेमदेव इरॉसची आकृती असलेली रोमन घडणीची कांस्यमूठ इथेच सापडली. एखाद्या भांड्याची ती मूठ. भांडं गेलं, मूठ राहिली. भडोच इथून जेमतेम सत्तर किलोमीटरवर आहे. पश्चिमेकडून आलेला माल किनाऱ्यावरच न थांबता आतल्या गावांपर्यंत पोहोचत होता, याला एवढा पुरावा पुरेसा आहे.

रोमन वैद्यांना दारुहळदीचं झुडूप कधी पाहायला मिळालं नाही. हाती येई तो खडाच, त्यामुळे त्यांचं सगळं ज्ञान पारखण्यावर उभं राहिलं. डायोस्कोरिडीसच्या कसोट्या आजही वाचाव्यात अशा आहेत. चांगला माल पेट घेतो आणि विझवला की लालसर फेस धरतो. तो बाहेरून काळा आणि फोडल्यावर आतून पिवळसर-तांबूस असतो. त्याला वास नसतो, चव तुरट-कडू असते. भेसळ तेलाच्या गाळाची, कडू दवण्याच्या रसाची किंवा बैलाच्या पित्ताची होई. रोमन लेखक थोरला प्लिनी सांगतो की भारतीय लोक हा अर्क उंटाच्या किंवा गेंड्याच्या कातड्याच्या पिशव्यांत भरून पाठवतात. सम्राट क्लॉडियसच्या काळातला वैद्य स्क्रिबोनियस लार्गुस याने नेत्ररोगाच्या सुरुवातीला अस्सल भारतीय लिकियनइतकं गुणकारी दुसरं काही नाही, असं लिहून ठेवलं.

लिकियन ठेवण्याच्या कुप्याही मिळाल्या आहेत. दक्षिण इटलीतलं टॅरेंटम, सिसिलीतलं मॉर्गांटिना आणि अथेन्स इथे अंगठ्याएवढ्या माती-शिशाच्या कुप्या सापडल्या. काहींवर ‘लिकियन’ हा शब्द आणि वैद्याचं किंवा विक्रेत्याचं नाव उठवलेलं आहे. त्यांतल्या बऱ्याच ख्रिस्तपूर्व काळातल्या आहेत, त्यामुळे आत लिशियाचा अर्क होता की भारताचा, हे कुपीवरून ठरत नाही. मात्र आकारावरून एक गोष्ट कळते: औषध महाग होतं आणि थेंबाथेंबाने वापरलं जाई.

मधल्या शतकांत युरोपात भारतीय लिकियनची ओळख पुसट झाली. ती पुन्हा पटवली जॉन फोर्ब्स रॉइल याने. सहारनपूरच्या वनस्पती-उद्यानाचा तो प्रमुख होता. बाजारात ‘रसोत’ नावाने मिळणारा आणि डोळ्यांवर लावला जाणारा अर्क म्हणजेच डायोस्कोरिडीसचं भारतीय लिकियन, असं त्याने 1830च्या दशकात मांडलं. पुढे 1853 साली एडिंबरोचा जेम्स यंग सिम्पसन, म्हणजे क्लोरोफॉर्म रूढ करणारा डॉक्टर, याने ग्रीक कुप्या आणि भारतातला चालू वापर एकत्र ठेवून निबंध लिहिला. ग्रंथ, बाजार आणि उत्खनन या तिन्हींची सांगड त्यात बसली.

रसांजनाचा पिवळा रंग आणि कडूपणा बर्बेरिन या अल्कलॉइडमुळे आहे. ते अनेक जिवाणूंना मारक आहे, आणि विसाव्या शतकात भारतात खुपऱ्यांवर बर्बेरिनच्या थेंबांच्या चाचण्याही झाल्या. त्या शुद्ध केलेल्या द्रावणाच्या होत्या. दुकानातला रसांजनाचा खडा निर्जंतुक नसतो, त्यात माती आणि भेसळ असू शकते. तो उगाळून थेट डोळ्यांत घालणं धोक्याचं आहे.