रस्त्यावरील चित्रकला व मांडणशिल्प
सार्वजनिक जागी, वाटसरूंच्या नजरेसाठी रंगविलेली चित्रे व अक्षरे आणि कलादालनातील मांडणशिल्प यांचा परस्परसंबंध. न्यूयॉर्कमध्ये १९७० नंतरच्या दशकात तरुणांनी भुयारी रेल्वेच्या डब्यांवर फवाऱ्याच्या रंगांनी विनापरवाना स्वतःची नावे लिहिली. हे भित्तिलेखन पुढे १९८१ मध्ये पी. एस. वन या संस्थेच्या ‘न्यूयॉर्क/न्यू वेव्ह’ प्रदर्शनातून व १९८२ मध्ये जर्मनीतील कासेल येथील सातव्या ‘डॉक्युमेंटा’तून कीथ हॅरिंग, झां-मिशेल बास्किया आदींच्या द्वारे कलादालनात प्रविष्ट झाले. तेथे भिंत ही बंडाची जागा होती. महाराष्ट्रात ती मुख्यतः पोटापाण्याची जागा होती. त्यामुळे पाश्चात्त्य इतिहासाचा साचा येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. कोल्हापूरचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

कोल्हापुरात रस्त्यावरचा चित्रकार आणि दालनातला चित्रकार हे पुष्कळदा एकच असत. आनंदराव मेस्त्री (१८९२–१९१६) व त्यांचे आतेमामेभाऊ बाबूराव मेस्त्री (१८९०–१९५४) यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवून लौकिक मिळविला आणि ‘पेंटर’ हा व्यवसायच त्यांचे आडनाव झाला. बाबूराव तैलचित्रे रंगवीत, शिल्पे घडवीत, यंत्रे जुळवीत आणि सैरंध्री (१९२०) पासून पुढे आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रकेही स्वतः रंगवीत. कल्याण खजिना (१९२४) या चित्रपटाचे भित्तिपत्रक उपलब्ध असलेल्या जुन्यात जुन्या भारतीय चित्रपट-भित्तिपत्रकांत गणले जाते. रंगवलेला पडदा हा मुळात माणसांना सामावून घेणारा रंगावकाश होय. त्या अर्थाने मांडणशिल्पाची कल्पना या शहराला परकी नव्हती, तिला नाव तेवढे नव्हते.

याच परंपरेतील जी. कांबळे (१९१८–२००२) यांचे काम अधिक विचारात घेण्यासारखे आहे. कोल्हापुरात जन्मलेल्या कांबळे यांनी व्ही. शांताराम यांच्या राजकमल कलामंदिरासाठी प्रसिद्धिचित्रे केली. मुगल-ए-आझम (१९६०) साठी मुंबईच्या मराठा मंदिर चित्रपटगृहावरील सजावटही त्यांची होती. त्यांनी रंगविलेले छत्रपती शिवाजी महाराजांचे चित्र महाराष्ट्र शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारले आणि ते घरोघर पोहोचले. चित्रकाराचे नाव मात्र तितके पोहोचले नाही.

या फलकांची रीत अशी : लाकडी चौकटींवर कापड ताणावयाचे, त्यावर अस्तर द्यावयाचे, लहान छायाचित्रावर आखलेल्या चौकोनांच्या आधारे आकृती मोठी करावयाची आणि तुकड्यातुकड्यांनी रंगवून चित्रपटगृहावर जोडावयाची. जवळून केवळ फटकारे दिसत. चेहरा उमटे तो रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्याला. चित्रपट उतरला की कापडावर पांढरा हात फिरे आणि त्यावर दुसरा नायक चढे. चित्र टिकावे ही अपेक्षाच नसल्याने या कलेचे अवशेष फार थोडे उरले. १९९० नंतरच्या काळात संगणकीय छपाईचे फ्लेक्स आले. तालमी व तरुण मंडळांच्या चौकांतील हाती रंगविलेल्या पाट्या मागे पडल्या आणि पेंटरांना अन्य उद्योग शोधावे लागले.

नेमक्या याच सुमारास मुंबईत कलादालनांचे लक्ष रस्त्याकडे वळले. पंढरपूरला जन्मलेले मकबूल फिदा हुसेन (१९१५–२०११) यांनी १९३० नंतरच्या दशकात मुंबईत चित्रपटांचे फलक रंगविले होते, तथापि त्यांचे नाव झाले ते दालनातील चित्रांवर. अतुल दोडिया यांनी दुकानाचे सरकते लोखंडी शटरच चित्रफलक म्हणून घेतले. अशी शटर-चित्रे लंडनच्या टेट मॉडर्न येथील ‘सेंच्युरी सिटी’ या प्रदर्शनात (२००१) मांडली गेली. त्यांच्या महालक्ष्मी (२००२) या कृतीत शटरवर दिनदर्शिकेतील देवीसारखी लक्ष्मी आहे. शटर वर सरकवले की हुंड्यापायी गळफास घेतलेल्या कानपूरच्या तीन बहिणींचे वृत्तपत्रातील छायाचित्रावरून केलेले चित्र दिसते. रस्त्यावरील वस्तूची उघडमिट येथे अर्थाचे साधन झाली आहे. रस्त्याची केवळ रंगसंगती उचलणाऱ्या अनेक मांडणशिल्पांहून ही कृती म्हणूनच सरस ठरते. २०१७-१८ मध्ये स्टार्ट इंडिया प्रतिष्ठानाने मुंबईच्या ससून गोदीतील (१८७५) गोदामांत भित्तिचित्रे व मांडणशिल्पे यांचा प्रकल्प भरविला. येथे कलादालनाऐवजी कामाची जागाच प्रदर्शनस्थळ बनली.

अशा कृतींत कारागिराचे श्रेय हा प्रश्न अनुत्तरित आहे. दालनातील फलकावर कल्पना करणाऱ्या कलावंताचे नाव येते. शैली ज्याच्याकडून घेतली, तो पेंटर सहसा अनामच राहतो. या प्रतिष्ठानाचे एक संस्थापक हनीफ कुरेशी (१९८२–२०२४) यांनी पाटीरंगाऱ्यांची अक्षरवळणे संगणकीय टंकांत जतन करण्याचा उपक्रम चालविला व प्रत्येक टंकाला त्या त्या पेंटरचे नाव दिले.