मेडिकेअर आणि वृद्ध स्त्रियांची स्तनतपासणी
अमेरिकेत ६५ वर्षे व त्यावरील नागरिकांसाठी १९६५ मध्ये मेडिकेअर ही सरकारी आरोग्य विमा योजना संमत झाली, तेव्हा तिच्या कायद्याने आजार व इजा यांचे निदान आणि उपचार एवढाच खर्च मान्य केला. त्यामुळे लक्षणे दिसण्यापूर्वीच कर्करोगाचा शोध घेणारी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची क्ष-किरण तपासणी, तिच्या कक्षेबाहेर राहिली. वास्तविक वयाबरोबर या रोगाचा धोका वाढतो, म्हणजे जिला गरज अधिक तिलाच पदरमोड करावी लागे, आणि हा अन्याय पाव शतक टिकला. १९८८ च्या कायद्याने तपासणीची तरतूद केली खरी, परंतु त्यातील वाढीव आकारणीविरुद्ध ज्येष्ठांमध्येच एवढा रोष उसळला की पुढच्या वर्षी संसदेने तो कायदा रद्द केला आणि ती तरतूद अमलात येण्यापूर्वीच गेली. १९९० मध्ये ती पुन्हा संमत होऊन १ जानेवारी १९९१ पासून दर दोन वर्षांनी एका तपासणीचा खर्च मिळू लागला, तरी २० टक्के सहखर्च, म्हणजे रुग्णाने स्वतः भरायचा हिस्सा, कायम राहिला आणि पूरक विमा नसलेल्या गरीब स्त्रियांना तोही जड जाई. १९९८ पासून तपासणी दरवर्षी मिळू लागली. हा हिस्सा मात्र २०१० च्या आरोग्य सुधारणा कायद्यानुसार २०११ मध्येच माफ झाला.